वेगाचा स्वधर्म

ऑगस्ट महिन्याच्या प्रारंभी, जेव्हा अमेरिकेतील विद्यापीठांची वसतिगृहे अद्याप पुरती भरलेली नसतात आणि ग्रंथालयांच्या पायऱ्यांवर सुटीचा शुकशुकाट असतो, तेव्हा तेथील फुटबॉलच्या मैदानावर मात्र अठरा वर्षांचा एखादा पोरगेला तरुण, शाळेच्या दिवसांतल्या साऱ्या विजयांचे ओझे मनात घेऊन रुजू होण्यासाठी उभा असतो. आणि त्याच्याविषयी प्रशिक्षकांच्या दप्तरी जी एकच बाब निःसंशय नोंदलेली असते ती ही, की हा मुलगा विलक्षण वेगाने धावतो. चाळीस यार्डांचे, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरांचे अंतर तो साडेचार सेकंदांच्या आत कापतो, असा घड्याळाचा दाखला असतो, आणि घड्याळाशी हुज्जत घालता येत नाही. तो कोणाच्या पुढे धावणार, कोणाच्या मागे धावणार, की कोणाच्या अंगावर धावून जाणार, हे मात्र त्या दाखल्यात लिहिलेले नसते.

आपल्याकडे फुटबॉल या शब्दाने जो खेळ डोळ्यांपुढे येतो त्याचा आणि या खेळाचा संबंध नावापुरताच आहे. येथे लांबट चेंडू हाती धरून पळायचे, तो फेकायचा व झेलायचा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड तरी पुढे सरकायचे. न सरकल्यास चेंडू बहुधा प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. चढाईच्या अकरा आणि बचावाच्या अकरा माणसांत श्रमांची वाटणी इतकी काटेकोर असते, की एखाद्या जुन्या संस्थानातील कारखान्यांची आठवण व्हावी. चेंडू फेकणारा व सारी चढाई चालवणारा तो क्वार्टरबॅक. कडेने दूरवर धावत जाऊन चेंडू झेलणारा तो वाइड रिसीव्हर. छातीशी चेंडू कवटाळून गर्दीत घुसणारा तो रनिंग बॅक. बचावात, प्रतिपक्षाच्या रिसीव्हरची सावली होऊन राहणारा तो कॉर्नरबॅक. आणि बचावाच्या सर्वांत मागे राखणीस उभा असलेला तो सेफ्टी. प्रत्येकाचा हुद्दा निराळा, तालीम निराळी, गुरू निराळा, फार काय, बैठकीची खोलीसुद्धा निराळी. म्हणून त्या वेगवान मुलाला कोणत्या खोलीत बसवायचे हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच उभा राहतो, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या उभ्या आयुष्याला पुरते.

हा मामला केवळ व्यवहाराचा आहे, त्यात तत्त्वज्ञानाला शिरण्याचे कारण काय, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. गुण हाताशी असावा आणि कर्म अद्याप ठरलेले नसावे, अशा अवस्थेत सापडलेला मनुष्य हा स्वधर्माच्या प्रश्नाचा जितका शुद्ध नमुना आहे तितका शास्त्रग्रंथांतही क्वचितच सापडतो. भगवद्गीतेने स्वधर्माचा महिमा तिसऱ्या अध्यायात एकदा आणि अठराव्यात पुन्हा, जवळजवळ त्याच शब्दांत सांगितला आहे. परंतु ज्याला तो सांगितला त्या अर्जुनाला आपण क्षत्रिय आहोत याविषयी शंका नव्हती, शंका होती ती त्या क्षात्रकर्माच्या योग्यायोग्यतेची. आमच्या या नवागतापाशी तशी सनद नाही. चौथ्या अध्यायातील गुणकर्मविभागाचे तत्त्व घ्यावे, तर तेथील गुण जन्माने येतात की आचरणाने सिद्ध होतात यावर टीकाकारांचा वाद अजून मिटलेला नाही. या मुलाच्या बाबतीत जन्म बाजूस ठेवला, तर एकच गुण हाती राहतो, तोही सेकंदाच्या शतांशापर्यंत मोजलेला. आणि जे अचूक मोजता येते तेच सर्वस्व होय असा मोह पडणे हा मनुष्याचा, विशेषतः नेमणुका करणाऱ्या मनुष्याचा, जुना दोष आहे.

तेव्हा वेग हा गुण मुळात आहे तरी काय? सांख्यांनी चलत्व हे रजोगुणाचे लक्षण मानले, परंतु त्याच श्वासात हेही सांगितले, की तिन्ही गुण परस्परविरोधी असूनही दिव्याच्या सामग्रीप्रमाणे एका कार्यासाठी एकत्र नांदतात. सत्त्व हलके आणि प्रकाश देणारे, तम जड आणि आवरण घालणारे. यांच्या संगतीवाचून एकटा रज नुसता तळमळतो, पोहोचत कोठेच नाही. ही परिभाषा मैदानावर नेली तर ती तेथे इतकी चपखल बसते, की क्षणभर हसू यावे. दीडशे किलोंच्या घरातले जे देह मधल्या फळीत भिंतीसारखे उभे असतात ते तर मूर्तिमंत तमच होत. पण आवरण घालणे, म्हणजे प्रतिपक्षाच्या रिसीव्हरला झाकून टाकणे, हे काम मात्र अत्यंत हलक्या पायांच्या कॉर्नरबॅककडे असते, आणि तेथे सांख्यांची वाटणी मोडते. मला तर ती नेमकी मोडते तेथेच हा प्रश्न खरा रंगतो असे वाटते.

कारण वेगवान मुलासाठी बहुधा या दोनच जागांची शिफारस होते: रिसीव्हर किंवा कॉर्नरबॅक. दुरून पाहणाऱ्याला दोघेही सारखेच दिसतात. एकाच कडेने, एकाच गतीने, खांद्याला खांदा लावून धावणारे. परंतु दोघांच्या वेगांची जात निराळी आहे. रिसीव्हरला आपण कोठे जाणार हे ठाऊक असते. कोणत्या पावलावर वळायचे, कोठे थबकायचे, हे आधी मुक्रर झालेले असते, आणि त्याचा वेग म्हणजे त्याच्या संकल्पाचा विस्तार असतो. कॉर्नरबॅकला यातले काहीच ठाऊक नसते. तो आरंभ करतो तोच मागे सरकत. त्याची दृष्टी समोरच्याच्या डोळ्यांवर नसते, कारण डोळे फसवतात, ती असते त्याच्या कमरेवर, कारण जिकडे कंबर वळेल तिकडेच देह जातो. आणि दुसऱ्याने निश्चय केल्यानंतर, अर्ध्या पावलाची उणीव पत्करून, स्वतःची कंबर वळवून त्याला गाठावे लागते. एकाचा वेग संकल्पाचा, दुसऱ्याचा प्रतिसादाचा. एकाच्या हिशेबात वेग हे भांडवल आहे, रोजच्या उलाढालीत घालण्याचे. दुसऱ्याच्या हिशेबात ती गंगाजळी आहे, चूक झाल्यावर ती भरून काढण्यासाठी राखून ठेवलेली. जो कॉर्नरबॅक आरंभापासूनच आपल्या पायांवर विसंबतो, तो पावलांची शिस्त शिकत नाही, आणि आपल्याइतकाच वेगवान गडी समोर येईल त्या दिवशी उघडा पडतो. मग रनिंग बॅकची तऱ्हा आणखी वेगळी. तेथे थांबावे लागते. आपल्याच सोबत्यांनी पुढे वाट फोडेपर्यंत अर्धा क्षण संयम न धरणारा अतिवेगवान मनुष्य त्यांच्याच पाठीवर जाऊन आदळतो. सारांश काय, तर चाळीस यार्डांची ती सरळ रेघ, जिच्यावरून त्या मुलाची किंमत ठरली, ती या तिघांपैकी कोणाच्याही नित्यकर्मात क्वचितच येते.

जगातील सर्वांत वेगवान मनुष्य म्हणून ज्यांचे नाव झाले अशा दोघांनी हा खेळ खेळून पाहिला, आणि दोघांची कथा विरुद्ध दिशांना गेली. बॉब हेज याने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचे सुवर्णपदक मिळवले. पण तो फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठात फुटबॉलच्या तालमीतही घडलेला होता, आणि पुढल्याच वर्षी डॅलसच्या व्यावसायिक संघात रिसीव्हर म्हणून उतरल्यावर एकट्या माणसाने त्याला झाकणे इतके अशक्य होऊन बसले, की बचावाने मैदानाचे प्रदेश वाटून घेऊन राखण करण्याची पद्धत रूढ होण्याचे बरेचसे श्रेय त्यालाच दिले जाते. टोकियोनंतर चार वर्षांनी मेक्सिकोत जिम हाइन्सने हेच पदक ९.९५ सेकंदांत, म्हणजे हेजहूनही कमी वेळात जिंकले. मायामीच्या व्यावसायिक संघाने त्यालाही घेतले, आणि थोड्याच सामन्यांत ती कारकीर्द आटोपली. चेंडू त्याच्या हाती टिकेना. येथे पायांचा दोष कोणी काढावा?

तर मग निवाडा करण्याचा अधिकार कोणाचा? नवागताच्या येण्याआधीच त्याच्यावर तारे चिकटवण्याची तेथे एक प्रथा पडली आहे. कोणी दोन ताऱ्यांचा, कोणी पाच ताऱ्यांचा, आणि या तारांकित याद्या हजारो लोक पंचांगासारख्या वाचतात. मला त्या पाहून उद्योगपर्व आठवते. युद्धाच्या आधी दुर्योधनाच्या विनंतीवरून भीष्म एकेका वीराची गणना सांगत जातो, हा रथी, हा अतिरथी, आणि कर्णापाशी येऊन त्याला अर्धरथी ठरवतो; कवचकुंडले गेली, परशुरामाचा शाप लागला, अशी कारणेही देतो. कारणे खोटी नव्हती. तरी परिणाम असा झाला की भीष्म सेनापती असेपर्यंत आपण शस्त्र धरणार नाही अशी प्रतिज्ञा करून कर्ण दहा दिवस शिबिरात बसून राहिला. सेनापतीचे मूल्यमापन बरोबर होते की चूक, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, मूल्यमापन हे ज्याचे केले त्याच्यावर घडणारे एक कर्म आहे, ते नुसते ज्ञान नव्हे, एवढे त्या प्रसंगावरून दिसते. प्रशिक्षकही तटस्थ साक्षी नसतो. त्याची स्वतःची नोकरी शनिवारच्या सामन्याच्या निकालावर टांगलेली असते. त्याच्या दृष्टीला मुलाचा स्वभाव दिसण्याआधी संघातील रिकामी जागा दिसते. यात अधर्म काही नाही, लोकसंग्रह म्हणजे तरी दुसरे काय. परंतु संघाची गरज हिशेबात धरून जी जागा दिली, तिला मुलाच्या स्वभावाचे नाव देणे, ही मात्र भाषेची लबाडी आहे.

आणि या जागा तरी कोठे सनातन आहेत? माणसाने एकच काम करावे, ज्याच्या प्रकृतीला जे मानवेल ते, असे प्लेटोने आपल्या आदर्श नगरात ठरवले, आणि लोकांनी ते मुकाट्याने मानावे म्हणून कोणाच्या घडणीत सोने, कोणाच्या रुपे, कोणाच्या लोखंड व कांसे मिसळले आहे अशी एक कथा रचली. ही कथा खरी नाही, उपयुक्त आहे, हे त्याच्या सॉक्रेटिसानेच कबूल करून टाकले. अमेरिकन फुटबॉलला तशी कथा रचावी लागली नाही. तेथे नियमपुस्तिकेने काम भागले. एके काळी तेच अकराजण चढाईही करीत आणि बचावही. युद्धकाळात खेळाडू बदलण्याचे नियम सैल झाले, त्याचा लाभ घेऊन १९४५ च्या ऑक्टोबरात मिशिगनचा प्रशिक्षक फ्रिट्झ क्रायस्लर याने आर्मीच्या, म्हणजे लष्करी अकादमीच्या, बलाढ्य संघापुढे चढाईची एक आणि बचावाची दुसरी अशा दोन तुकड्या पाळीपाळीने उतरवल्या. सामना तो २८-७ असा हरला, पण त्याची रीत रुजली. १९५३ साली विद्यापीठांच्या संघटनेने ती नियमाने बंद केली, आणि साठीच्या दशकाच्या मध्यास पुन्हा मोकळी केली. म्हणजे १९५५ साली जो मुलगा रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक या दोघांचीही कामे एकाच दुपारी करीत असे, त्याच्याच पुतण्याला दहा-बारा वर्षांनी, यांपैकी तुझ्या प्रकृतीला कोणते मानवते, असे गंभीरपणे विचारले गेले असणार. प्रकृती बदलली नव्हती, शिरस्ता बदलला होता. २०२४ च्या हंगामात कोलोरॅडो विद्यापीठाचा ट्रॅव्हिस हंटर दोन्ही बाजूंनी खेळला आणि विद्यापीठीय फुटबॉलमधला सर्वांत मानाचा हाइझमन पुरस्कार त्या वर्षी घेऊन गेला, तेव्हा लोकांनी त्याला चमत्कार म्हटले. त्याच्या आजोबांच्या पिढीने बहुधा त्याला एक फार चांगला खेळाडू म्हटले असते.

शिरस्ता जेव्हा स्वभावाचा वेष घेतो तेव्हा तो कोणावर बसतो, हे सांगितल्यावाचून हा विषय पुढे नेणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. कित्येक दशके अशी वहिवाट होती, की कृष्णवर्णी मुलगा वेगवान असला की त्याला मैदानाच्या कडेला, रिसीव्हर किंवा कॉर्नरबॅक म्हणून पाठवायचे, आणि मध्यभागी उभे राहून विचार करण्याची, हुकूम सोडण्याची जागा गोऱ्या मुलासाठी राखायची. जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएल्व्होग या अभ्यासकांनी १९७० साली आकड्यांनी ही वाटणी दाखवून दिली, तोवर ती अनेकांना अन्याय म्हणून सुचलीही नव्हती. ती गुणांचीच वाटणी आहे, असे म्हणणारे भले लोक पुष्कळ होते. लॉस एंजेलिसच्या वॉरन मूनला अनेक विद्यापीठांनी जागा देऊ केली ती क्वार्टरबॅक सोडण्याच्या अटीवर; त्याने ती नाकारली, एक वर्ष लहानशा महाविद्यालयात काढले, मग वॉशिंग्टन विद्यापीठाकडून १९७८ च्या रोझ बोल या मानाच्या सामन्यात मिशिगनला हरवून सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तरीही त्या वर्षी व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत त्याला कोणी घेतले नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनसाठी लागोपाठ पाच अजिंक्यपदे मिळवली, मग अमेरिकेत परतून ह्यूस्टनकडून खेळला. मराठी वाचकाला येथे निराळे भाष्य नको. लाहोरच्या परिषदेसाठी १९३६ साली लिहिलेल्या, पण तेथे होऊ न दिलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी जातीविषयी हेच दाखवले होते, की तेथे कामे वाटली जात नाहीत, काम करणारी माणसेच एकावर एक अशा कप्प्यांत बंद केली जातात. ज्या समाजाने स्वधर्म हा शब्द घडवला त्याच समाजाने त्याचा वापर कुलुपासारखाही केला, ही गोष्ट त्या शब्दाचा उच्चार करताना विसरणे आपल्याला परवडत नाही.

मग मुलाच्या इच्छेलाच मुनसफी द्यावी काय? मन तिकडे ओढते, आणि वॉरन मूनची कथा वाचल्यावर अधिकच ओढते. परंतु अठराव्या वर्षीची इच्छा ही पुष्कळदा शाळेत ऐकलेल्या टाळ्यांची स्मृती असते. रिचर्ड शर्मन हा कॉम्प्टनचा मुलगा स्टॅनफर्डला रिसीव्हर म्हणून गेला आणि रिसीव्हर म्हणून चमकलाही. गुडघ्याच्या दुखापतीनंतर, विद्यापीठाची निम्मी मुदत संपल्यावर, तो कॉर्नरबॅक झाला. २०११ च्या निवडीत पाचव्या फेरीपर्यंत त्याला कोणी विचारले नाही, आणि तीन वर्षांच्या आत सिअ‍ॅटलच्या विजेत्या संघाचा तो आधारस्तंभ होता. रिसीव्हर कोठे वळणार हे त्याला कळे, कारण तो स्वतः तसा वळलेला होता. आधीची चूक येथे नंतरच्या ज्ञानाचे साधन झाली. तेव्हा ती चूक म्हणावी काय, हेच मला नीटसे ठरवता येत नाही.

याहून मला अधिक विचारात पाडतो तो डेव्हिन हेस्टर. मायामी विद्यापीठात त्याला चढाईत ठेवून पाहिले, बचावात ठेवून पाहिले, आणि कोठेच त्याची बैठक जमली नाही. ज्या एका कामात त्याला तोड नव्हती ते काम, म्हणजे प्रतिपक्षाने लाथाडलेला चेंडू झेलून उलट धावत येणे, त्याला हुद्दा म्हणण्याची तेव्हा कोणाची तयारी नव्हती. शिकागोने २००६ साली त्याला कॉर्नरबॅक म्हणून घेतले. पुढल्या फेब्रुवारीत सुपर बोलची, म्हणजे व्यावसायिक हंगामाच्या अंतिम सामन्याची, पहिलीच लाथ त्याने झेलली आणि ९२ यार्ड धावून चेंडू थेट शेवटच्या रेषेपार नेला. पहिल्या दोन हंगामांच्या नियमित सामन्यांत असे बारा वेळा घडले. आता एवढा वेग सामन्यातून चारदोनदाच का वापरावा, असा हिशेब करून त्याला पूर्णवेळ रिसीव्हरची बढती मिळाली, आणि त्यानंतरच्या दोन हंगामांत त्या मूळच्या कलेतून एकही गुण निघाला नाही. पुढे ती कला परतली. वीस वेळा अशी मजल मारून विक्रम करणाऱ्या हेस्टरला २०२४ साली कीर्तिमंदिरात जागा मिळाली ती त्याच बिनहुद्द्याच्या कामासाठी. बढती देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, आणि जमाखर्चही वरवर बिनचूक होता. पण मोकळ्या रानात अंगावर धावून येणाऱ्या अकराजणांना पाहून ज्याची बुद्धी स्थिर होते, त्याला प्रत्येक खेपेस आखलेल्या वाटेने धाडणे म्हणजे त्याच्या वेगाला कामाला लावणे आणि त्याच्या दृष्टीला घरी बसवणे होते.

माझे मत विचाराल तर ते एवढेच आहे, की स्वभाव हा कर्माच्या आधी दिसत नाही; तो कर्म करता करता, कधी कर्म बिघडता बिघडता उघड होतो, आणि म्हणून पहिल्या आठवड्यातील नेमणूक ही नेमणूक नसून चाचणी आहे असे ज्या प्रशिक्षकाला मनापासून वाटते, त्याच्या हाती मूल सुरक्षित असते. २०१८ साली विद्यापीठांच्या नियमांतही याला थोडी जागा झाली: नवागताने हंगामात चारपर्यंत सामने खेळले तरी त्याच्या चार वर्षांच्या हक्कातील ते वर्ष खर्ची पडणार नाही, असे ठरले. धर्मशास्त्रांनी अधिकारनिर्णयाच्या नावाखाली जे पिढ्यान्‌पिढ्यांसाठी ठरवून टाकले, त्याला या कारकुनी वळणाच्या नियमाने चार शनिवारांची सवलत दिली, हे मला थोडके वाटत नाही. त्या चार शनिवारांत मुलाने काय करावे? पळावे, चुकावे, दोन्ही खोल्यांत बसून यावे. आणि प्रशिक्षकाने घड्याळ खिशात ठेवून त्याच्या कमरेकडे पाहावे.

घड्याळ कधी खेळाडूनेच नाकारावे लागते. केंटकी राज्यातील लुइव्हिल विद्यापीठाचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन याने २०१६ चा हाइझमन पुरस्कार मिळवला होता, तरी व्यावसायिक निवडीच्या वेळी एका अनुभवी माजी संघव्यवस्थापकाने जाहीरपणे सांगितले, की याने रिसीव्हर व्हावे. इतका वेग मध्यभागी उभा करून वाया घालवू नये. २०१८ च्या मार्चमध्ये निवडीपूर्वीच्या चाचण्या झाल्या. त्यांत उमेदवाराने चाळीस यार्ड धावून दाखवायचे असतात. जॅक्सन गेला, त्याने चेंडू फेकून दाखवले, आणि धावायची वेळ आली तेव्हा धावला नाही. पहिल्या फेरीत अगदी अखेरीस, बत्तिसावा म्हणून बाल्टिमोरने त्याला घेतले, आणि पुढल्या वर्षी क्वार्टरबॅकच्या जागेवरून तो १,२०६ यार्ड धावला.